वैरणीचा रकाना

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. आमच्या सोसायटीत मी पाण्याच्या मीटरचा आकडा दोनदा वाचणारा माणूस म्हणून ओळखला जातो — म्हणून तर हे सांगणं जास्त जड जातं.

रबाळ्याच्या आमच्या ऑफिसात शेतकऱ्यांकडून आकडे येतात. डिझेल किती लागलं, मजूर किती, मका किती पिकला. त्यावरून मी तक्ता करायचा — नांगरट टाळली, कापणीनंतर मक्याची धाटं रानातच राहू दिली, तर माती टिकेलच; पण शेतकऱ्याच्या हातात जास्त उरेल का? काम मला मनापासून आवडायचं. जमिनीत ओल टिकत होती, ते खरंच होतं.

पण धाटं म्हणजे कचरा नव्हे. त्यांची कुट्टी करून जनावरांना घालतात. हे मला माहीत नव्हतं का? लहानपणी मामाच्या गोठ्यात मीच ती घालायचो. धाटं रानात राहिली, तर वैरण विकत घ्यावी लागणार; तक्त्यात त्या वैरणीचा रकानाही मीच आखला होता. तो खरा भरला, की पहिल्या वर्षीचा फायदा नाहीसा व्हायचा. शून्य टाकलं, की राहायचा.

मी शून्य टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

सिल्लोडकडच्या एका गावात तक्ता दाखवला. दोन एकर मका आणि एक म्हैस असलेल्या सुमनबाई पुढेच बसल्या होत्या. म्हणाल्या, "साहेब, सगळी धाटं रानात, मंग माझी म्हैस काय वारा खाऊन दूध देईन?" सगळे हसले. मीही हसलो. म्हणालो, "ताई, सगळं धरलंय."

शून्याला चूक म्हणता आलं असतं. याला काय म्हणू?

त्यांनी सगळी धाटं रानात ठेवली. उन्हाळ्यात वैरण कुठे मिळेना. म्हैस बाजारात गेली. त्यांचाच फोन आला — "रान चांगलं झालं हो साहेब, गांडुळं दिसतेत. म्हैस तेवढी गेली. तुमी तर सगळं धरलं होतं, माझंच कुठं चुकलं असन."

मी म्हणालो, "असेल."

नंतर मी तक्ता पुन्हा मांडला. निम्मी धाटं रानात, निम्मी गोठ्यात. फायदा उशिरा येतो, पण येतो. आता गावोगाव हाच दाखवतो. लोक विचारतात, वैरणीचं तुमच्या बरं लक्षात आलं? मी म्हणतो, अनुभवातून.

सुमनबाईंचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही. चूक आपलीच होती, असं त्या अजून धरून आहेत.