समुद्राला अक्षत

नातीच्या लग्नाची पहिली अक्षत गणपतीला ठेवून शेजारच्या सुमाताई दुसरी घेऊन समुद्रावर निघाल्या. मीही गेले. त्यांच्या आईच्या लग्नाला आफ्रिकेहून मामा, मामी आणि दोन मुलं निघाली होती. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोट बुडवली गेली. चौघांतलं कुणीच पोचलं नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नाचं त्यांना आमंत्रण असतं.

मला वाटलं, ताई रडतील. त्यांनी साडी वर खोचली, तांदूळ लाटेवर टाकले आणि ओरडल्या, "मामा, चौघांनी यायचं हं! आणि बोटीनं नको, एसटीनं या!"

आम्ही पोट धरून हसलो. गेलेल्यांना श्राद्धाला सगळेच बोलावतात. लग्नाला बोलावणारं घर मी हे एकच पाहिलं.

लग्नात पहिल्या पंगतीत चार पानं जास्त मांडली होती. बाहेर दुपारची एसटी थांबली, तशी ताईंनी वाढप्याला हात केला, "थांब जरा."