मी म्हणाले विष, डॉक्टर म्हणाले पार्व्हो

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक लहानशी प्लॅस्टिकची पट्टी माझ्यासमोर टेबलावर ठेवली. आमच्या मिरीच्या शीचा नमुना कापसाच्या काडीवर घेऊन, द्रवात ढवळून, त्याचे थेंब त्यांनी पट्टीवर टाकले होते. याला ते रॅपिड टेस्ट म्हणतात, म्हणजे दहा मिनिटांत निकाल देणारी तपासणी. एक रेघ आली. मग तिच्या खाली दुसरी, फिकट.

"पार्व्हो आहे, पिल्लांना होणारा विषाणूचा रोग," डॉक्टर म्हणाले. "विषबाधा नाही."

"पट्टी चुकू शकते ना?" मी विचारलं.

"शकते. पण उलट्या आहेत, रक्ताची शी आहे, हा वास आहे आणि पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. मला शंका नाही."

मला होती. कारण त्याच दिवशी सकाळी मी शेजारच्या बिरू आप्पांच्या दारात जाऊन, त्यांच्या सुनेसमोर, "आमच्या कुत्रीला विष तुम्हीच घातलं," असं बोलून आले होते.

मांडवगण फराट्याच्या पुढे आमची वस्ती उसाला लागून आहे. आधीचा कुत्रा बिबट्यानं अंगणातून नेला. कुत्रं असलं की निदान भुंकून चाहूल तरी देतं, म्हणून भांडगावच्या माझ्या भावाकडून हे काळं पिल्लू आणलं. मिऱ्यासारखं काळं, म्हणून मिरी. पिल्लू गुणी निघालं. उसात काही हललं की कान टवकारून उभी राहायची आणि मला उठायला लावायची.

तिची खोड एकच. बांध ओलांडून आप्पांच्या वाड्यात, म्हणजे त्यांच्या मेंढरांच्या कुंपणात जायची आणि कोकरांच्या मागं लागायची. आप्पा धनगर. पूर्वी मेंढरं घेऊन गावोगाव हिंडायचे. आता शेती करतात, पण वीसेक मेंढरं अजून आहेत. एकदा चिडून मला म्हणाले, "सूनबाई, हिला बांधा. न्हाईतर एक दिवस मलाच कायतरी करावं लागंल."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मिरीनं खाणं सोडलं. दुपारी पिवळ्या फेसाच्या उलट्या. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त. मला दुसरं काही सुचलंच नाही. आप्पांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "म्या न्हाई घातलं." मला ते खोटं वाटलं. निरपराध माणूस एवढ्या शांतपणे बोलेल का, असं मी रस्ताभर यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ऐकवत होते. मिरी माझ्या मांडीवर टॉवेलात होती. भीमेच्या पुलावर तिची मान लुळी पडली तेव्हा मी यांना गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

"लस दिली होती?" डॉक्टरांनी विचारलं.

"दिली होती," मी म्हणाले, आणि पर्समधून कार्ड काढलं. पुरावा दाखवावा तसं.

डॉक्टरांनी कार्ड उलटसुलट पाहिलं. त्यावर पेनानं एक तारीख होती. त्याखाली पुढच्या डोसची तारीख. त्यापुढं कोरं.

"बाटलीवरचं स्टिकर कुठाय? कंपनी, बॅच नंबर, एक्स्पायरी?"

नव्हतं. वस्तीवर गाई-म्हशींना सुया टोचायला मोटारसायकलवरून एक माणूस येतो. त्यानंच मिरीला टोचलं होतं. तेव्हा ती जेमतेम दीड महिन्याची होती.

"आणि दुसरा डोस?"

मी कार्ड परत घेऊन पर्समध्ये ठेवलं. डॉक्टरांनी परत विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आसपास कुठं पिल्लं आहेत का? हा रोग शीतून पसरतो. जमिनीत विषाणू महिनोन्महिने जिवंत राहतो. चपलेला लागून जातो."

पिल्लं होती. बिरू आप्पांच्या कुत्रीला तीन पिल्लं झाली होती, दीड महिन्याची. आणि मिरी आजारी पडायच्या आदल्या दिवशीही तिथंच होती.

दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून मी आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. विष नव्हतं, रोग आहे, पिल्लांना लागू शकतो, मिरी बसायची ती जागा धुवा, पिल्लं दुसरीकडं न्या, इथं आणून त्यांना लस टोचून घ्या.

"म्हंजी म्या इष घातलं न्हवतं," आप्पा म्हणाले.

"नाही."

"आन् रोग तुमच्याच कुत्रीनं माझ्या दारात आणला."

"हो आप्पा."

त्यांनी फोन ठेवला.

मिरीला मागच्या वेगळ्या खोलीत ठेवलं, इतर कुत्र्यांपासून लांब. पुढच्या पायाला सुई लावून आयव्ही सुरू केलं, म्हणजे शिरेतून सलाईन. पार्व्होवर विषाणू मारणारं हमखास औषध नाही, डॉक्टर म्हणाले. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जातं, ते भरत राहायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतुसंसर्ग होऊ द्यायचा नाही, आणि शरीर लढेपर्यंत तग धरायचा. रक्त तपासलं. पांढऱ्या पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, फार कमी झाल्या होत्या.

रोज सकाळी मी तिला भाजीच्या क्रेटमध्ये घालून स्कूटीवरून नेत होते आणि संध्याकाळी परत आणत होते. अंगणवाडीतून रजा घेतली. हो, मी अंगणवाडी सेविका आहे. लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाऊन आयांना बोलावून आणणारी. हे मी त्या डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगितलं नाही.

त्या दिवसांत माझा कुणावरच विश्वास नव्हता. सलाईनच्या बाटलीवरचं नाव मी वाचून घ्यायचे. पुढच्या खोलीतल्या लॅब्रॅडॉरला तीच बाटली लावलेली दिसली की वाटायचं, सगळ्यांना एकच औषध देतात, पैसे काढायचं काम. सुई भरताना मी डॉक्टरांच्या हाताकडं बघत उभी राहायचे. मुद्दाम तिला वेगळ्या खोलीत ठेवलंय, म्हणजे आपल्याला काही दिसू नये, असंही मनात येऊन गेलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या हातात रिकाम्या बाटल्या दिल्या.

"बघा. लेबल वाचा. काय काय दिलं ते मी कागदावर लिहिलंय, जुळवून पाहा."

मला लाज वाटली. मी म्हणाले, "तसं नाही डॉक्टर."

"तसंच आहे, आणि चांगलं आहे. लस टोचणाऱ्याला असंच विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

त्या दुपारी व्हरांड्यात बसून मी त्या टोचणाऱ्याला फोन केला. लस कुठून आणली होती, विचारलं. दुकानातून. बर्फात ठेवली होती का? तो हसला. "ताई, डिकीत हुती. सावलीतच हुती की. लस बरोबरच हुती, तुमचं पिल्लूच कमजोर असंल." मी अजून काही विचारायच्या आत फोन कट झाला.

कोल्ड चेन हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. कारखान्यापासून टोचेपर्यंत लस सतत थंड ठेवायची, मध्ये एकदा जरी तापली तरी ती फुकट जाऊ शकते. लहान मुलांच्या लसींचा बर्फाचा डबा मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. बर्फ वितळला तर सिस्टरना दाखवते. आणि घरच्या पिल्लाला डिकीतून काढलेली बाटली टोचली जात असताना मी कुत्रीचे पाय धरून उभी होते.

डॉक्टरांना हे सांगितलं तेव्हा वाटलं, ते त्या माणसाला दोष देतील आणि मी मोकळी होईन. ते म्हणाले, "लस खराब असेलही. पण चांगली असती तरी एका डोसवर भागत नाही. आईच्या दुधातून पिल्लाला मॅटर्नल अँटिबॉडी मिळतात, म्हणजे आईचं संरक्षण. ते अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, आणि ते कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून दीड-दोन महिन्यांपासून चार महिन्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी परत द्यायची असते. नेमकं काय चुकलं हे मी आता सांगू शकत नाही."

दुसऱ्या डोसच्या आठवड्यात माझं सर्वेक्षणाचं काम होतं. नंतर बघू, म्हणून राहिलं. माझ्या रजिस्टरात अशा आयांची नावं असतात आणि त्यांच्या दारात मी तीन-तीनदा जाते.

चौथ्या दिवशी बिरू आप्पा स्वतः दवाखान्यात आले. टोपलीत तीन पिल्लं. माझ्याकडं न बघता बाकावर बसले. डॉक्टरांनी पिल्लं तपासली, ताप पाहिला आणि सांगितलं, आता तरी ठीक दिसतात, लस देऊ, पण रोग आधीच अंगात शिरला असेल तर ही लस त्याला अडवेलच असं नाही.

दोन दिवसांनी त्यातलं तांबूस पिल्लू आजारी पडलं आणि दवाखान्यात आणेपर्यंत गेलं.

आप्पा आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. "सुई टोचली आन् मेलं. आधी चांगलं हुतं. तुमचं ऐकलं म्हणून टोचली."

मला सांगायचं होतं की रोग आधीच शिरलेला होता, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आठवड्यापूर्वी मीही असंच दारात उभं राहून, एकामागोमाग घडलेल्या दोन गोष्टींची गाठ मारून, माणसाला दोषी ठरवलं होतं. मी म्हणाले, "आप्पा, तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचं काही कारण नाही. डॉक्टरांना विचारा. मी सोबत येते, मध्ये बोलणार नाही."

आम्ही गेलो. आप्पांनी विचारलं, डॉक्टरांनी न चिडता उत्तर दिलं. विषाणू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत चार-पाच दिवस जातात, म्हणजे पिल्लाला तो सुईच्या आधीच लागला होता. आप्पांनी तेच पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. पटलं की नाही, मला कळलं नाही.

इकडं उपचाराच्या पाचव्या दिवशीच मिरीनं पाणी प्यायलं आणि ते पोटात राहिलं. सहाव्या दिवशी पेज चाटली. आठव्या दिवशी शेपूट हलवली, जरा वाकडीच. डॉक्टर म्हणाले, "बरी झाली की सगळ्या लसी वेळेवर पूर्ण करायच्या. पार्व्होतून उठली तरी डिस्टेंपर आहे, लेप्टो आहे, रेबीज आहे." डिस्टेंपर म्हणजे ताप, नाका-डोळ्यांतून पाणी आणि पुढं झटके. लेप्टो उंदरांच्या मुतातून पसरतो आणि माणसालाही होतो. रेबीजचं सांगायला नकोच.

कुणाच्या घरी पिल्लू येणार असेल तर माझं एवढंच सांगणं. टोचणाऱ्याला विचारा, लस कुठून आली, कशात आणली. बाटली आपल्या हातात घेऊन तारीख वाचा. स्टिकर कार्डावर लावून घ्या. कुणाला राग आला तर येऊ दे. आणि पिल्लू अचानक आजारी पडलं तर शेजाऱ्याच्या दारात जायच्या आधी दवाखान्यात जा. मी उलटं केलं आणि त्यात सकाळचे दोन तास घालवले. ते दोन तास मिरीला महागात पडले असते.

त्या डॉक्टरांचे आभार मी मानले. आप्पांची माफीही मागितली, त्यांच्या सुनेसमोरच, कारण आरोप तिच्यासमोर केला होता. आप्पा "बरं" म्हणाले आणि मेंढरांकडं वळले. त्यानंतर बांधावर दिसले तरी बोलत नसत. सणाला आमच्याकडून गेलेलं ताट त्यांच्याकडून रिकामंच परत आलं, जे कधी होत नाही.

गेल्या आठवड्यात मी अंगणवाडीतून येत होते. आप्पा बांधावर उभे होते, त्यांची उरलेली दोन पिल्लं पायाशी. मी मान खाली घालून पुढं निघाले.

"सूनबाई," त्यांनी हाक मारली. "ह्येंचा दुसरा डोस कवा हाय?"

"परवा," मी म्हणाले. "दहा वाजता."

"मग सकाळी संगं जाऊ," म्हणाले आणि पिल्लांना घेऊन गेले.