कागदाला वास हवा

सुके बोंबील तव्यावर पडले की मला माझी आर्टिकलशिप आठवते. बी.कॉम. होऊन अलिबागच्या एका सीएंकडे शिकायला लागले, तेव्हा पहिलंच काम मिळालं ते सुक्या मासळीच्या गोदामात जाऊन पोती मोजायचं. अंगावर नवाकोरा ड्रेस. गोदामाची मालकीण दारातच म्हणाली, “आत कशाला जातेस गो? कपड्यांना वास मारंल. मी सांगते तो आकडा लिव.” मी खुशाल बाहेर खुर्चीवर बसून, तिने दिलेलं कोकम सरबत पीत आकडा लिहून घेतला. ऑफिसात सरांनी कागद न वाचताच नाकाशी नेला आणि म्हणाले, “याला बोंबलाचा वास कुठाय? परत जा.” गेले आणि एकेका पोत्याला हात लावून मोजलं. येताना सहा आसनी रिक्षात माझ्या शेजारी कुणी बसेना. सरांनी मात्र मला दारात बघूनच नाकाला रुमाल लावला आणि हसत हसत सही केली. आकडा तोच होता, एका पोत्याचाही फरक नाही. आता माझ्याच ऑफिसात मुली शिकायला येतात. माल मोजून आल्या की मीही कागद आधी नाकाशी नेते.