आमच्याकडचं शेणखत

नाशिककडच्या द्राक्षबागेत शेणखताचा ट्रक रिकामा करताना फावड्यावर ज्वारीच्या कडब्याचं न कुजलेलं पेर आलं आणि मी थबकलो. हे खत आमच्या ज्वारीच्या, कोरडवाहू मुलखातलं.

"दादा, हात राखू नका, वेलींना भरपूर टाका," मालकीणबाई म्हणाल्या. माणूस मायाळू, सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनीच थारा दिला. इथं दर छाटणीआधी ट्रक येतो. मातीत बोटं सहज रुततात. आमच्याकडं एकच उकिरडा. यंदा या रानाला, पुढल्या साली त्या रानाला. तोही ट्रकवाल्याला विकायला माझ्या वडिलांना, अण्णांना, मीच भरीस घातलं.

"माती निबार हुईल रं," ते म्हणाले होते.

"पोत्यातलं खत हाय की!" म्हणून मी हसलो होतो.

आज राहवेना. फोन केला. "अण्णा, यंदाचा उकिरडा रानातच पसरा."

"कशाचा उकिरडा, बाळा? बैल गेले, गाय गेली. नांगरलं की नुसती ढेकळं निघत्यात."

त्यांनी मला बोल लावला नाही. एवढंच विचारलं, "तिकडची माती कशी हाय रं?"

मऊ आहे, हे मला सांगवेना.