तिसरं बटण

आमच्या धंद्यात ‘रद्द’ या शब्दाचा अर्थ एकच. मी डायलिसिसच्या पेशंटांची गाडी चालवतो. मागचं दार उघडलं की लोखंडी फळी खाली उतरते आणि चाकांची खुर्ची माणसासकट आत जाते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घ्यावंच लागतं. लोक सिनेमा रद्द करतात, ठरलेलं लग्नसुद्धा रद्द करतात, पण डायलिसिस कुणी रद्द करत नाही. त्यामुळे सकाळच्या यादीत एखाद्या नावापुढे रद्द दिसलं, की आम्ही ड्रायव्हर लोक काय ते समजून जातो. कुणी काही विचारत नाही. त्या दिवशी आमच्या खोलीत रेडिओ लागत नाही, एवढंच.

त्या सोमवारी काकूंच्या नावापुढे रद्द होतं.

काका-काकू माझे नात्यातले कुणी नाहीत. काका वेताच्या खुर्च्या विणतात. जन्मापासून आंधळे. फाटक्या बुडाची खुर्ची पुढ्यात आली की आधी तिच्यावर तळहात फिरवणार आणि मग तिच्यावर कोण बसायचं ते सांगणार. बँकेतून आलेल्या एका खुर्चीबद्दल म्हणाले होते, “हे गृहस्थ धपकन बसतात. रोज घरून भांडून येत असणार.” काकूंचा एक पाय साखरेनं गेला, मूत्रपिंडं साखरेनं गेली, नजरही जवळजवळ गेली. “आमच्या घरात पाय तीन आणि डोळा अर्धा,” असं त्या नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगून टाकत, म्हणजे तो बिचारा अवघडून बसत नसे.

फेऱ्या ठरलेल्या असतात, पण प्रत्येक फेरी आदल्या रात्री कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन नक्की करावी लागते. काकांचा कॉम्प्युटर बोलतो, म्हणजे पडद्यावर जे लिहिलंय ते वाचून दाखवतो. आमच्या साइटवर मात्र तो अडायचा, कारण ती बनवणाऱ्यानं बटणांना दिसणारं नाव दिलं होतं, ऐकू येणारं दिलंच नव्हतं. कॉम्प्युटर नुसताच म्हणायचा, “बटण. बटण. बटण.” शेवटी एकदा मीच शेजारी बसून काकांना सांगितलं, पहिलं मागे जाण्याचं, दुसरं बदल करण्याचं, तिसरं नक्की करण्याचं. ऐकून ते खूश झाले. वेताची वाट बोटांना पाठ असते तशी त्यांनी ही वाट पाठ केली. तिसऱ्या बटणावर गेले की टिंग असा आवाज यायचा आणि काका आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, “झालं गं.”

त्या शनिवार-रविवारी मालकांनी साइटला नवं रूप दिलं. फोन उचलणारी मुलगी त्यांनी आधीच काढली होती, साइट असताना तिला कशाला पोसायचं म्हणून.

सोमवारी ती यादी हातात धरून मी किती वेळ उभा होतो, मला माहीत नाही. शुक्रवारी काकूंना घरी सोडलं, तेव्हा माझ्या सीटला पडलेलं भोक चाचपून त्या म्हणाल्या होत्या, “हे यांच्याकडून विणून घे, नाहीतर एक दिवस आत गडप होशील.” आणि आता हे. पण बाकीचे पेशंट वाट बघत होते. मी गाडी काढली. दोन फेऱ्या झाल्या. डबा खायची वेळ झाली, तसा मी डबा तसाच ठेवून काकांच्या घराकडे निघालो. अशा वेळी काय बोलायचं असतं ते मला या वयातही जमत नाही. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो आणि तेही धड होत नव्हतं.

गाडी वळली आणि मला त्यांचं दार सताड उघडं दिसलं. पायरीवर काका बसले होते. अंगात बाहेर जायचे कपडे, मांडीवर दवाखान्याची पिशवी. त्यांच्या मागे, दारातच, चाकांच्या खुर्चीत काकू होत्या. शाल पांघरून, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून.

गाडीचा आवाज ओळखून काका उठले. “आला बघ,” ते मागे वळून म्हणाले.

“कुठं,” काकूंनी श्वास घेतला, “उलथला होतास?”

मला रडू फुटलं. भर दुपारी, रस्त्यात, इंजिन चालू ठेवून मी रडलो. मग काकूंच्या छातीतली घरघर कानावर आली आणि डोळे पुसायचेही राहून गेले. शनिवार-रविवारचं सगळं पाणी अंगात साठलं होतं. एकुलता एक पाय उशीसारखा फुगला होता, ओठ काळेनिळे पडले होते. सोमवार चुकवून चालत नाही तो याच्यासाठी. मी खुर्ची फळीवर घेतली, पट्टे आवळले, काकांना हाताला धरून आत बसवलं आणि निघालो.

काका वाटेत बोलत होते, कारण गप्प बसलं की मागची घरघर ऐकू येत होती. “काल मी नक्की केलं रे. टिंगही वाजलं. तू आला नाहीस तेव्हा फोन लावला, तर एक बाई म्हणते, आमच्या वेबसाइटला भेट द्या. दुसरं काही बोलतच नाही. पुन्हा साइटवर गेलो, तर आतच घेईना. म्हणे माणूस आहात हे सिद्ध करा, चित्रांतल्या सायकली ओळखा.” ते थोडं थांबले. “मला, सायकली.”

“रुग्णवाहिका का नाही बोलावली?”

“बोलावत होतो. ही ऐकेल तर ना. म्हणाली, तो आजवर कधी चुकलाय का? येईलच.”

पुढचा सिग्नल लाल होता. मी तो तोडला.

डायलिसिसच्या विभागात सिस्टरांनी कागद बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. “गाडीवाल्यांकडून आलेल्या यादीत हे नाव तर कापलंय. यांची जागा दुसऱ्यांना दिली.” पण डॉक्टरांनी काकूंकडे एकदा बघितलं आणि त्यांना तडक आत घेतलं. ऑक्सिजन, सुया, मशीन, सगळी धावपळ झाली. दार लागलं. आम्ही दोघं बाहेर बाकावर बसलो. सिस्टर घाईघाईत जाता जाता काकांना म्हणाल्या, “तुम्ही रद्द तरी कशाला केलंत?”

“मी? मी नक्की केलं होतं.”

“तुमच्याच खात्यातून आलंय, काका. काल रात्री.”

त्या गेल्या. काका पिशवीवर बोटं टेकवत, मोजल्यासारखं म्हणाले, “तिसरं. तूच वाचून दाखवलं होतंस ना? तिसरं.”

मी माझ्या मोबाइलवर साइट उघडली. नवं रूप फार छान होतं. मोठे फोटो, हसरे म्हातारे. खाली तीन बटणं होती. नक्की करण्याचं पहिलं झालं होतं. तिसरं लाल होतं, आणि त्यावर लिहिलं होतं, रद्द करा. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण काकांशी आवाज चोरून बोलता येत नाही, त्यांना लगेच कळतं. मी सांगून टाकलं.

“म्हणजे मी माझ्या हातानं,” एवढंच ते म्हणाले. एरवी ते हात क्षणभर स्वस्थ राहत नाहीत. आता मांडीवर उताणे पडले होते. मला इतका राग आला की बसवेना. नेमका कुणाचा, ते तेव्हा ठरवता येत नव्हतं.

खूप वेळानं दार उघडलं. पाणी उतरायला लागलं होतं. थोडक्यात निभावलं, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंना बोलायची मनाई होती, म्हणून अर्थातच त्या बोलल्या. बटणाचं मी सिस्टरांना सांगितलं होतं, त्यांच्याकडूनच निरोप आला, “त्यांना म्हणावं, मी बटणानं मरणाऱ्यातली नाही. मरेन ती त्यांच्या हातचा चहा पिऊन.” एरवी काका मोठ्यानं हसले असते. ते हसले नाहीत. “तू जा,” मला म्हणाले, “तुझी ड्युटी असेल.”

मी थेट मालकांच्या खोलीत गेलो. मालक तसे वाईट नाहीत. पगार वेळेवर देतात, नावानं हाक मारतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि मग त्यांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला.

“हे बघ. रात्री त्यांनीच रद्द केलंय. वाईट झालं, पण आपली चूक नाही.”

“त्यांना कसं कळणार ते बटण कसलं आहे?”

“मुद्दाम लाल केलंय. लहान मूलही ओळखेल.”

“लाल रंग ऐकू येतो का, साहेब?”

मी सांगितलं, कॉम्प्युटर बटणाचं नाव वाचतो आणि आपण नाव दिलेलंच नाही. जुन्या साइटवरही नव्हतं. ते माणसाच्या पाठांतरावर चाललं होतं आणि तुम्ही एका रात्रीत बटणं फिरवलीत. नक्की करा तरी टिंग, रद्द करा तरी टिंग. फोनवर विचारावं, तर तिथं माणूस ठेवलेला नाही.

“नावं घालून घेऊ सवडीनं,” मालक म्हणाले. “पण तूच सांग, एका आंधळ्या गिऱ्हाइकासाठी मी सगळी साइट पुन्हा...”

“एक?” माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला नाही. “आपली सगळी गिऱ्हाइकं कशी आहेत? पाय धड असते तर ती आपल्या गाडीत कशाला बसली असती? कुणाचे डोळे अधू, कुणाचे हात थरथरतात, कुणाला बोट नीट टेकवता येत नाही. आपलं पोट त्यांच्यावर चालतं. आणि आपल्या दुकानाचं दार नेमकं त्यांनाच उघडत नाही.”

मग मला सकाळची यादी आठवली. माझी नव्हे, सगळ्या गाड्यांची, खोलीत भिंतीवर लावलेली.

“साहेब,” मी म्हणालो, “आज आणखी कोण कोण रद्द आहे?”

त्यांनी पडद्याकडे बघितलं. माउसवरचा हात तिथंच थांबला. “दोघं,” ते म्हणाले.

“त्यांच्याकडे कुणी गेलं होतं?”

कोण जाणार? रद्द म्हणजे काय ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

मालकांनी पहिला नंबर लावला. एका बाईंनी उचलला. “बाबा शनिवारी गेले. मीच रद्द केलं,” त्या म्हणाल्या. मालकांनी कशीबशी दिलगिरी व्यक्त केली आणि फोन ठेवला. दुसरं नाव एका निवृत्त मास्तरांचं होतं. एकटे राहतात, हाताला इतका कंप की कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. फोन वाजत राहिला. मालकांनी तो कानापासून काढून टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. वाजतच राहिला. बंद झाला. त्यांनी पुन्हा लावला. मी त्यांच्यासमोर उभा राहून, कुणीतरी उचला, असं मनात म्हणत होतो.

उचलला गेला. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग अगदी हळू, शब्द वेचत मास्तर म्हणाले, “मी सकाळपासून तयार होऊन बसलोय. गाडी निघाली का?”

मालक उठले. भिंतीवरच्या खिळ्याला गाडीची किल्ली होती, ती त्यांनी स्वतः काढून घेतली.

“निघाली,” ते म्हणाले, आणि माझ्याआधी दाराबाहेर पडले.