रंगूचा खोटा नवस

काशीदच्या रंगूचा आपल्या धाकट्या जावेवर, केसरवर, भारी जळफळाट. कारण एकच, गौरीच्या फेरात मधली जागा आता केसरची होती. आधी ती रंगूची होती. रंगूने गाणं उचलावं आणि बाकीच्यांनी मागे म्हणावं, असा तिचा मान. फुगडीत तर तिच्यासमोर उभं राहायला कुणी धजत नसे.

पहिल्या बाळंतपणात पोर अडली. सुईणीने ओढून काढली. पोर जगली, पण रंगू फाटली. जखम वरून भरली, तरी शौच आवरेना. साधा खोकला आला तरी लुगडं खराब. पंगत तर सुटलीच, भातलावणीच्या ओळीत बायकांशेजारी उभं राहणंही सुटलं. हे सांगायचं कुणाला? गौरी आल्या, बायका हात धरून ओढू लागल्या, तेव्हा तिने ठोकून दिलं, "नवस हाय माझा. मुलगा होईस्तवर फेर धरायची न्हाय."

नवसापुढे कोण बोलणार! केसर मात्र टुणकन मधे जाऊन उभी राहिली.

पुढे दरवर्षी रंगू पडवीतून बघायची. केसरला धड सूर नाही, ताल नाही, आणि तरी मेल्या सगळ्या तिचंच कौतुक करतात! हिचंही एकदा असंच होऊ दे, असं रंगूच्या मनात यायचं. त्याची तिला लाजही वाटत नसे.

मुंबईला राहणारी नणंद जनी माहेरपणाला आली. तिने वाळत घातलेल्या धडप्या-फडक्यांची रांग पाहिली, खोदून विचारलं आणि रंगूला आगबोटीने घेऊन गेली. तिकडच्या डॉक्टरणीने आतला फाटलेला स्नायू जोडून शिवला. रंगू कितीतरी दिवस पेजेच्या निवळीवर पडून होती. निघताना डॉक्टरीण म्हणाली, "आता मूल नको. टाके उसवतील."

पोट बिघडलं तर अजून धावावं लागे, पण एरवी आवरता येऊ लागलं. रंगू पंगतीत बसून जेवली. मग गौरी आल्या आणि ती थेट अंगणात उतरली.

केसरने कमरेवर हात ठेवला. "आन् नवस? मुलगा कुठं हाय?"

"व्हय गो, गौरीचा कोप होईल," बायका म्हणाल्या.

मुलगा तर आता कधीच होणार नव्हता. रंगूने केसरच्या अंबाड्यातली अबोलीची वेणी पाहिली, तिच्या पायाखालची ती मधली जागा पाहिली, आणि तिचं डोकं असं फिरलं की लाज कुठल्या कुठे गेली.

"नवस-बिवस काय नव्हता! बाळंतपणात फाटले व्हते मी. लुगड्यात घाण व्हायची. मुंबैला डॉक्टरणीनं शिवलं. आता हो बाजूला!"

कुणी पदर तोंडाला लावला.

शेजारची चंद्राबाई दरवर्षी गुडघे दुखतात म्हणून उंबऱ्याशीच बसायची. ती उठली आणि भरभर चालत आली. तिचे गुडघे इतके चांगले असतील असं कुणाला वाटलं नव्हतं.

"रंगू," ती हळूच म्हणाली, "कंच्या दवाखान्यात गो?"

रंगूने तिचा हात घट्ट धरला. म्हणाली, "सांगते. मी सोता नेते तुला. पण आधी हिच्यासंगं फुगडी."

आणि तिने केसरपुढे हात केले.