सात तारांची खुर्ची

पेन्याच्या टेकडीवर, लिंदोल्फोच्या अंगणात, दर शनिवारी दुपारी शोरो वाजतो. शोरो हे तिथलं वाद्यसंगीत; शब्दाचा अर्थ मात्र रडणं. पण त्या अंगणात रडणारं माणूस आजवर कुणी पाहिलेलं नाही. पाहिली ती हसून हसून डोळे पुसणारी. फणसाखाली स्वयंपाकघरातल्याच खुर्च्या गोल मांडायच्या. मधोमध बासरीवाला अरिस्तेउ मास्तर, समोर चार तारांची चिमुकली गिटार घेऊन तिनोको, आणि मास्तरांच्या डाव्या हाताला सात तारांच्या मोठ्या गिटारची खुर्ची. त्या खुर्चीवर लिंदोल्फो. खालचे जाड सूर त्याचे, म्हणजे सगळ्या घराचा पायाच त्याचा म्हणा ना.

लिंदोल्फोची धाकटी बहीण जांदीरा त्या गोलात नव्हती. ती खिडकीपलीकडे, चुलीपाशी. आठवडाभर सरकारी शाळेत पोरांसाठी भात आणि काळा घेवडा शिजवायचा आणि शनिवारी इथे भावाच्या दोस्तांसाठी मासळीचे वडे तळायचे, असं तिचं आयुष्य निम्म्याहून जास्त सरलं होतं. हात तळणात असले तरी कान मात्र अंगणात असत.

या मंडळींचा एक खोडसाळ रिवाज आहे. वाजवता वाजवता बासरीवाला कुणाला न सांगता भलत्याच पट्टीत शिरतो. साथीदारांनी त्याला तिथे जाऊन गाठायचं. जो चुकला, त्याच्यावर अख्खं अंगण ओरडतं, "पडला!" मग त्याला सगळ्यांसाठी बियर आणावी लागते आणि वर्षभर टोमणे खावे लागतात.

"मला मास्तरांनी पहिल्यांदा पाडलं ना," तिनोको येईल त्या पाहुण्याला ऐकवायचा, "ते माझ्याच लग्नात! बायको वेदीपाशी उभी, आणि मी पालथा!"

कोण पडणार हे जांदीराला खिडकीतून आधीच कळायचं. वडा उलटताना ती पुटपुटायची, "गेला हा."

मग लिंदोल्फोची बोटं आखडली. सांध्यांचं दुखणं, डावा हात मिटायचा तो उघडायचाच नाही. खुर्ची रिकामी पडली. मंडळी हळहळली, आणि दोन बियरनंतर मादुरेरा वस्तीतल्या कुणा गिटारवाल्याला आणायची बोलणी सुरू झाली.

जांदीरा वड्यांचं ताट घेऊन बाहेर आली होती. ती म्हणाली, "मी बसते."

हशा पिकला. एकटा लिंदोल्फो हसला नाही. त्याने बहिणीच्या हातातलं ताट घेतलं, खाली ठेवलं आणि तिचा पंजा उलटसुलट करून पाहिला.

"करंगळी लांब आहे तुझी," तो म्हणाला. "उद्या सकाळी ये. नखं कापून ये."

शिकवणी हार्मोनिक मायनर नावाच्या सप्तकापासून सुरू झाली. हे नाव लिंदोल्फोने एकदाच घेतलं, तेही तोंड वाकडं करून.

"आपल्या घराचा जिना आठव," तो म्हणाला. "खालून पायऱ्या चढतेस. सहावीवर आलीस की सातवी तुटकी."

"मग ढांग टाकायची. लहानपणापासून टाकतेय."

"तेच. सूर चढत जा: ला, सी, दो, रे, मी, फा, आणि आता ढांग! सोल चढा घ्यायचा. तिथून वरचा ला हाताच्या अंतरावर असतो, दारातच."

बोलायला सोपं होतं. जांदीराची करंगळी तेवढ्या ढांगेला पोचेना. दरवेळी सोल साधाच लागायचा, आणि लिंदोल्फो कपाळाला हात लावायचा.

"तुटक्या पायरीवर पाय दिलास! जिन्यात असतीस तर आता दवाखान्यात असतीस."

"दादा, मी दमले."

"दमलीस तर वडे तळ. कोण नको म्हणतंय?"

या एका वाक्यावर ती पुढचे दोन तास वाजवायची. जाड तारांनी बोटांची कातडी सोलली, अंगठ्यातली तार छेडायची नखी रुतून वळ उठले. शाळेत मोठ्या पातेल्यात डाव फिरवताना ती तोंडाने जिना चढायची, फा वरून उडी मारायची. ताटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पोरांनी ती उडी उचलली आणि एके दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी येऊन विचारलं, की पोरं भात मागताना अशी उदास का गातात?

लामधला जिना पक्का झाला तसं लिंदोल्फोने रे वरून बांधायला लावला, मग सोल वरून, मग गिटारच्या ज्या पडद्यावर तो बोट ठेवेल तिथून. "घर बदललं तरी तुटकी पायरी तिथंच असते," तो म्हणायचा. "कुणी तुला झोपेत उचलून भलत्या घरी नेलं, तरी अंधारात वर चढता आलं पाहिजे."

आणि एका सकाळी ती चढली. कुठूनही, न अडखळता, ढांगेसकट. लिंदोल्फो खिडकीबाहेर बघत होता. त्या दिवशी कॉफी त्याने केली. आजवर त्या घरात त्याने पाणीसुद्धा तापवलेलं नव्हतं. जांदीराने ती कडूजार कॉफी थेंब न सांडता प्यायली.

तर अशी जांदीरा त्या खुर्चीवर बसली. पहिला शनिवार झकास गेला. दुसराही. "वा, जांदीराबाई!" मंडळी टाळ्या वाजवत होती, मास्तर मान झुकवत होते. तिसऱ्या शनिवारी मात्र तिचा चेहरा उतरला. बासरी सरळ चालली होती. एकही वळण नाही, एकही दगा नाही. मास्तर असं कधी वाजवतात हे खिडकीत जन्म घालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. पाद्रीबुवा आले की असं वाजवतात, नाहीतर कुणाचा भाचा हौसेने खुळखुळा घेऊन बसला की. खुर्ची तिला दिली होती खरी, पण पाहुणीसारखी.

ती उठली. भरलेलं वड्यांचं ताट उचललं आणि आत चालू लागली.

"अहो, वडे कुठे निघाले?" तिनोको कळवळला.

"मास्तर," जांदीरा दारातून म्हणाली, "तुम्ही मला पाडत का नाही?"

मास्तरांनी बासरी मांडीवर ठेवली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "बाईमाणसाला पाडायचं, जांदीराबाई? माझ्या आईने मला असं वळण नाही लावलं."

"माझ्या भावाला पाडलंत. तिनोकोला त्याच्या लग्नात पाडलंत. मी पाहुणी असेन तर पाहुणीने वडे तळायचे नसतात. आणि मी वाजवणारी असेन, तर नीट वाजवा."

लिंदोल्फो आपला मिटलेला हात काखेत घालून भिंतीला टेकला होता. तो म्हणाला, "मास्तर, ती वडे खरंच देणार नाही. मी ओळखतो तिला."

मास्तरांनी बासरी उचलली. जांदीरा येऊन बसली.

ला मायनरमधली जुनीच चाल, दोनदा सरळ गेली. तिसऱ्यांदा मास्तरांनी एक भुवई उचलली आणि बासरी सटकली, रेच्या घरात. जांदीराची बोटं आधीच जिन्यात होती. चढली, ढांग टाकली, दार गाठलं. तिनोको ओरडला, "हा! आली!" मास्तर हसले, आणि ते हसू काही पाद्रीबुवांसाठीचं नव्हतं. पुन्हा सटकले, सोलच्या घरात. ती तिथेही पोचली, आणि शिवाय खालच्या जाड तारेवरून मास्तरांना हिणवणारा एक फेरा मारून आली.

मग मास्तरांनी डोळे मिटले आणि बासरी अशा कुठल्या गल्लीत नेली, की तिथे घर आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. जांदीरा धावली. जिना बांधला, चढली, ढांग टाकली, आणि पायाखाली काहीच नव्हतं. सहा सूर बरोबर होते. सातवा, तो चढा सूर, इतका चुकला की फणसावरची पाखरं उडाली.

ओरडायला उघडलेली तोंडं तशीच राहिली. बाईमाणूस. काय बोलावं?

तेवढ्यात भिंतीपाशी लिंदोल्फोने दोन्ही हात वर केले, मिटलेला आणि उघडा, आणि टेकडी दणाणेल असा ओरडला, "पडलीऽऽऽ!"

मग अख्खं अंगण ओरडलं. तिनोको खुर्चीवर चढला. मास्तर बासरी कपाळाला लावून म्हणाले, "बियर आण गं, जांदीरा!" नावामागचं 'बाई' गळून पडलं होतं. ती बियर आणायला गेली तेव्हा तिला समोरचं धड दिसत नव्हतं, इतके डोळे भरले होते, आणि हसू तर आवरतच नव्हतं.

सोमवारी शाळेत तांदूळ निवडणाऱ्या सोबतिणीने विचारलं, "काय गं, शनिवार कसा गेला?"

"पडले," जांदीरा मान ताठ करून म्हणाली.

"अगं बाई! लागलं का कुठे?"

"लागले ना," जांदीरा म्हणाली. "एक सोडून सगळे सूर लागले."